टीबीच्या गोळ्यांवर कावीळ. परत कधी सुरू करायच्या? (मदत हवी आहे)

घाटमाथा_एमओ
ग्रामीण रुग्णालयात आहे. थुंकी पॉझिटिव्ह, पाचवा आठवडा. उलट्या, डोळे पिवळे, एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) 310. एफडीसी (चारही औषधांची एकत्र गोळी) कालपासून बंद केली. किती दिवसांनी सुरू करू? तारीख सांगा, घरचे रोज विचारतात.

छातीतज्ज्ञ
वजन? बिलीरुबिन? आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी)? दारू? आकडे नसताना तारीख कशी सांगणार? सीबीनॅटचं (टीबीचे जंतू आणि रिफाम्पिसिन रेझिस्टन्स दाखवणारी चाचणी) काय आलं, तेही लिहा.

लघवी_लाल
डोळे खरंच पिवळे आहेत ना? रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते आणि नातेवाईक तिलाच कावीळ म्हणतात. बुबुळाबाजूचा पांढरा भाग उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली नको.

घाटमाथा_एमओ
डोळे पिवळेच. 44 किलो, रोज 3 गोळ्या. बिलीरुबिन 2.8, आयएनआर 1.2, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) 0.9. दारू अधूनमधून. रिफाम्पिसिन सेन्सिटिव्ह. आता तरी सांगा.

जडीबुटी_नको
'अधूनमधून' हे उत्तर नाही. घरच्यांना वेगळं बसवून विचारा. काविळीची पुडी किंवा काढा चालू आहे का, तापासाठी पॅरासिटामॉल किती, हेही. हिपॅटायटिस बी, सी आणि पावसाळा असेल तर ए, ई तपासा. बी निघाला तर पुढचं गणितच बदलतं.

यकृतमित्र
लिव्हर टॉनिक आणि उर्सोडिऑल चालू करा, एसजीपीटी झपाझप उतरतो.

छातीतज्ज्ञ
उतरतो तो गोळ्या बंद केल्यामुळे, टॉनिक फुकटचं श्रेय खातं. लक्षणं असताना एसजीपीटी नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या 3 पटीच्या वर, लक्षणं नसताना 5 पटीच्या वर गेला की आर (रिफाम्पिसिन), एच (आयएनएच म्हणजे आयसोनियाझिड), झेड (पायराझिनामाइड) तिन्ही बंद. तुमचा 40 च्या हिशोबाने जवळजवळ आठपट आहे. आठवड्यातून दोनदा एसजीपीटी, बिलीरुबिन, आयएनआर. आयएनआर 1.5 च्या वर गेला, गुंगी आली किंवा हात पुढे धरल्यावर पंजे फडफडले, तर लगेच वरच्या रुग्णालयात.

परत सुरू करायचं ते आकडे बघून: एसजीपीटी 80 च्या खाली, बिलीरुबिन नॉर्मल, उलट्या थांबलेल्या. आधी रिफाम्पिसिन 450 आणि इथॅम्ब्युटॉल 800. सातव्या दिवशी एसजीपीटी. ठीक असेल तर आयएनएच 200, सोबत पायरीडॉक्सिन (बी6 जीवनसत्त्व), पुन्हा सात दिवसांनी तपासणी. एफडीसीने हे जमत नाही, सुट्या गोळ्या जिल्हा क्षयरोग केंद्रातून आजच मागवा.

घाटमाथा_एमओ
तोपर्यंत काहीच नाही? थुंकीतून रक्तही येतंय.

छातीतज्ज्ञ
हे आधी सांगायचं होतं! मग थांबू नका. इथॅम्ब्युटॉल, लिव्होफ्लॉक्सॅसिन आणि अमिकॅसिन हे यकृताला त्रास न देणारे. क्रिएटिनिन ठीक आहे, पण अमिकॅसिनवर ते आठवड्याला बघा, कानात आवाज येतो का विचारा. जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांना कळवूनच करा. रक्त जास्त असेल तर दाखलच करा.

सावकाश_बरे
रिफाम्पिसिन 150 पासून चढवत न्यावं, एकदम 450 नको.

जडीबुटी_नको
एम्स दिल्लीच्या 2010 च्या अभ्यासात 175 रुग्णांवर गोळ्या परत सुरू करायच्या तीन पद्धती ताडल्या, परत कावीळ होण्यात लक्षणीय फरक नव्हता. अर्ध्या डोसवर दिवस घालवले तर जिवाणूंना शिकायला वेळ मिळतो. माझा कल पूर्ण डोसकडे.

सावकाश_बरे
त्यात बिलीरुबिन किती असलेले रुग्ण होते, तेही बघावं लागेल. आणि पायराझिनामाइड परत देणार का?

छातीतज्ज्ञ
पिवळेपणा झालाय, शिवाय दारू. मी देणार नाही. मग आर, एच, ई (इथॅम्ब्युटॉल) एकूण 9 महिने. एलपीएला (औषध-रेझिस्टन्स शोधणारी जनुकीय चाचणी) नमुना पाठवा, आयएनएच रेझिस्टन्स निघाला तर ही योजना चालणार नाही.

निक्षय_ताई
पोषणाचे दरमहा 1000 रुपये त्याच्या खात्यात येतात का? बँक तपशील निक्षयवर (सरकारी टीबी पोर्टल) नसतील तर अडकतात.

घाटमाथा_एमओ
आत्ता कळलं, गावातून पुडी चालू होती, बंद केली. एलपीए आणि सुट्या गोळ्या दोन्ही उद्या पाठवतो-मागवतो.