हा शंख कोणता? अंगावर दुसरेच शिंपले चिकटलेत, खरा की फेविकॉलचा?

पराटीवाला_आर्वी
नमस्कार मंडळी. आमचे मामा ट्रकवर होते, त्यांनी पंचवीसेक वर्षांमागं कोल्लमच्या बंदरावरून हा शंख आणला अन् तेव्हापासून तो आजीच्या देवघरात हाय. आता घर रंगवायला काढलं म्हणून नीट पाहिला, तर उपड्या परळासारखा बुटका, पांढरट, अन् अंगावर लांबट शंख चिकटलेले, बंडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे बाहेर निघालेले. मधात लाल ठिपके. घरचे म्हणतात दुकानदारानं चिकटवलं असन, उपटून टाक. पोरगी म्हणते व्हिनेगरमधी बुडवू. मले दोन्ही पटत नाही, जाणकारांनी सांगा.

शिंपलेवाली
भाऊ, व्हिनेगर अजिबात नको!! शंख कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, आम्लात विरघळतो. आणि उपटू तर नकाच. हा झेनोफोरा दिसतोय, ग्रीकमधे अर्थ 'परकं वाहणारा'. ही गोगलगाय स्वतःच रिकामे शंख-शिंपले, खडे उचलून आपल्या शंखाच्या काठाला चिकटवते, शंख वाढला की पुढचा तुकडा. पांढरा आणि लांब आऱ्यांचा म्हणजे बहुतेक झेनोफोरा पॅलिड्यूला, खोल पाण्यातली जात, किनाऱ्यावर फिरून सापडत नाही. कोल्लमचे ट्रॉलर खोल समुद्रातल्या कोळंबीसाठी जातात, त्यांच्या जाळ्यात असलं येतं, म्हणून मामांची गोष्ट जुळते. आता भिंग घेऊन बघा, शेंड्याजवळ बारीक तुकडे आणि काठाकडे मोठे होत गेलेत का, वेटोळ्याच्या ओळीनेच बसलेत का, शिंपल्यांची पोकळ बाजू वर आहे का. माणूस चिकटवताना एवढा क्रम पाळत नाही, आणि गोंदाचा चकचकीत थर कुठेतरी दिसतोच.

मास्तर_दर्यापूर
सहमत. फोटो वरून, खालून आणि तोंडाकडून काढा, शेजारी पट्टी ठेवा. तळ बघितल्याशिवाय जात पक्की सांगू नये. अन् मामांना आजच फोन लावा, कुठून, कोणाकडून, कोणत्या साली, सगळं चिठ्ठीवर लिहून शंखासोबत ठेवा, ठिकाण माहीत नसलेल्या शंखाचा अभ्यासाला फार कमी उपयोग होतो. कोलकात्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेलाही फोटो पाठवता येतील. विकायचा विचार असेल तर आधी वनविभागाला विचारा, १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या यादीत काही समुद्री शंखही आहेत.

पराटीवाला_आर्वी
विकायचा नाही जी, आजीचा हाय. भिंगातून पाहिलं, शेंड्यापाशी ज्वारीच्या कणीएवढे खडे अन् पुढं मोठे होत गेले, शिंपल्याही पोकळ बाजू वर करून. गोंद कुठंच नाही! लाल ठिपके कुंकवाचे निघाले, आजी रोज लावते. ते काढू कसं?

शिंपलेवाली
साधं पाणी आणि रंगकामाचा मऊ ब्रश, आऱ्यांना ताण न देता. मग सावलीत वाळवा. आणि आजींना सांगा, कुंकू आता ताटलीला लावा.