मदत हवी आहे: जिवाणू टोचल्यावर उंदरांच्या एनके पेशी थंड का पडतात?

प्लीहाशोध
जरा घाई आहे. उंदरांना मारलेले कोरिनेबॅक्टेरियम पार्वम टोचले. एनके (नॅचरल किलर, कर्कपेशींसारख्या पेशी मारणाऱ्या प्रतिकार-) पेशींची मारकशक्ती वाढायला हवी, जिकडेतिकडे तसंच लिहिलंय. माझ्याकडे ती नुसतं सलाइन दिलेल्या उंदरांपेक्षाही खाली आली. परत केलं, तेच. जिवाणूंचा नग खराब म्हणावा, तर प्लीहा चांगली टम्म फुगलेली. सोमवारी गटासमोर मांडायचंय. कृपया "शोधनिबंध वाचा" एवढंच सांगू नका.

जुनाप्रयोगी
शिरेत टोचलं की पोटात? प्लीहा कितव्या दिवशी काढली? सगळं उत्तर त्यातच आहे आणि नेमकं तेच लिहिलेलं नाही.

सूक्ष्मदर्शी
उंदरांचं वय काय? तीन आठवड्यांखालच्या पिल्लांत एनकेची मारकशक्ती जवळपास नसतेच, पाच ते आठ आठवड्यांत सर्वाधिक, मग उतरती कळा. वय न सांगता आकडे देण्यात अर्थ नाही.

प्लीहाशोध
वय दोन्ही गटांत एकच आहे, मग त्याचा काय संबंध? सी५७ब्लॅक/६ जातीचे उंदीर, शेपटीच्या शिरेतून, दहावा दिवस. यॅक-१ (लक्ष्य म्हणून वापरतात त्या उंदराच्या कर्कपेशी) पेशींवर चार तासांची क्रोमियम चाचणी, म्हणजे मेलेल्या पेशींतून सुटलेलं क्रोमियम मोजायचं. आता सांगा.

जुनाप्रयोगी
मग बरोबरच आलंय. पहिले दोन-तीन दिवस इंटरफेरॉनमुळे (शरीर सोडतं ते संदेशवाहक प्रथिन) मारकशक्ती चढते. शिरेतून दिलं असेल तर आठवड्यानंतर प्लीहेत ती पडते. पोटातून दिलं की पोटाच्या पोकळीतल्या पेशी तरतरीत दिसतात. सॅव्हरी आणि लोट्झोव्हा यांनी १९७८ मध्येच दाखवलं की अशा उंदरांच्या प्लीहापेशी निरोगी उंदराच्या प्लीहापेशींत मिसळल्या, तर निरोगी एनकेसुद्धा दबतात. मिश्रणाचा प्रयोग लावा. शेजारच्या वेलमध्ये (चाचणीच्या ताटलीतला खळगा) तेवढ्याच निरोगी, जिवाणू न दिलेल्या पेशी घाला, नाहीतर नुसत्या गर्दीने झालेली घट तुमच्या नावावर चढेल.

रंगीतठिपके
आधी मोजा, मग "दबली" म्हणा. फुगलेल्या प्लीहेत मॅक्रोफेज (जिवाणू गिळणाऱ्या पेशी) आणि त्यांच्याच कुळातल्या इतर मायलॉइड पेशींची भर पडलेली असते. तुम्ही १००:१ म्हणून एका यॅक-१ पेशीमागे ज्या शंभर प्लीहापेशी टाकता, त्यांत एनके आधीच कमी! सीडी३ (टी पेशींची खूण) नसलेल्या, एनके१.१ (एनकेची खूण) असलेल्या पेशी फ्लोवर (रंगीत अँटिबॉडी लावून पेशी मोजणारं यंत्र) मोजा आणि मारकशक्ती अख्ख्या प्लीहेमागे काढा.

जुनाप्रयोगी
नुसतं पातळ होणं असतं, तर मिश्रणात निरोगी पेशी दबल्या नसत्या. त्या दबतात, त्याचं काय?

रंगीतठिपके
दोन्ही एकदम घडू शकतं. म्हणून तर मोजायला सांगतोय. मिश्रणाने माझा मुद्दा खोटा ठरत नाही.

चिकटपेशी
एवढा घोळ कशाला? मॅक्रोफेज प्रोस्टाग्लँडिन ई२ नावाचं रसायन सोडतात, त्याने एनके मंदावतात. वेलमध्ये इंडोमेथासिन (ते रसायन बनू न देणारं औषध) घाला, मारकशक्ती परत आली की विषय संपला.

जुनाप्रयोगी
नाही संपत. इंडोमेथासिन त्या चार तासांत होणारी निर्मिती थांबवतं. उंदराच्या अंगात आठवडाभर जे झालं ते त्याने पुसलं जात नाही. परत नाही आली, तर मॅक्रोफेज निर्दोष ठरवणार का?

सूक्ष्मदर्शी
बाल्ब/सी जातीचे उंदीर वापरणाऱ्यांनी लक्षात घ्या, त्यांच्यात एनके१.१ची नेहमीची अँटिबॉडी लागत नाही. डीएक्स५ ही अँटिबॉडी घ्या.

प्लीहाशोध
बाल्ब/सी कुणी वापरलंय इथे?

निरोगीजीवन
म्हणजे प्रोबायोटिक गोळ्यांनी माणसाची प्रतिकारशक्ती कमी होते का? घरी सगळे घेतात.

रंगीतठिपके
शिरेत टोचलेले मेलेले जिवाणू आणि तोंडावाटे घेतलेले जिवंत, यांची तुलना होत नाही. वेगळा धागा काढा.

प्लीहाशोध
मिश्रण उद्या लावते, कंट्रोल पेशींसकट. त्याच प्लीहेतून फ्लोसाठीही काढून ठेवते. चिकटणाऱ्या पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, वेगळ्या काढायला प्लास्टिकची ताटली की नायलॉन वूल (नायलॉनच्या तंतूंची गाळणी)?

चिकटपेशी
प्लास्टिक. सीरम घातलेल्या माध्यमात, ३७ अंशांवर तासभर. न चिकटलेल्या पेशी हलक्या हाताने उचला, पिपेटचा फवारा मारलात तर मॅक्रोफेजही सुटून येतील. नायलॉनवर बी पेशीही अडकतात, मग नेमकं कुणाला काढलं ते सांगता येत नाही.

रंगीतठिपके
आणि चिकटलेल्या टाकून देऊ नका. त्या काढल्या की एनकेचं प्रमाण आपोआप वाढतं आणि दडपण उठल्यासारखं दिसतं. खरवडून निरोगी पेशींत परत घाला. तेव्हा मारकशक्ती पडली, तर मी जुनाप्रयोगींचं म्हणणं मान्य करेन.