मदत हवी आहे: 15 वर्षांची वॅगन आर ठेवावी की काढावी?

नमस्कार मंडळी. बाबांची 2011 ची पेट्रोल-सीएनजी वॅगन आर आहे. आरसीची मुदत लवकरच संपतेय. पुढची 5 वर्षं चालवायची तर फिटनेस, नूतनीकरणाची फी आणि पर्यावरण कर भरावा लागेल. हा खर्च एकदाचा, त्याची फारशी चिंता नाही.

खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. इंजिन अजून ठणठणीत आहे, पण खड्ड्यात गाडी गेली की पुढून खडखड ऐकू येते. मेकॅनिक म्हणतो, लोअर आर्म आणि बुश (पुढच्या चाकांच्या सस्पेन्शनचे भाग) बदला, क्लच प्लेटही फार दिवस टिकणार नाही. शिवाय सीएनजी सिलिंडरची दर 3 वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने सिलिंडरची तपासणी) आहेच.

नवी घेतली तर ईएमआय, जास्त विमा आणि पहिल्याच वर्षी घसरणारी किंमत. मला वाटतं, जुनीच परवडेल. पण आईला डायलिसिसला हीच गाडी नेते, वाटेत बंद पडून चालणार नाही.

15 वर्षांपुढे गाडी वापरणाऱ्यांनी कृपया सांगा: वर्षाकाठी दुरुस्तीला साधारण किती जातात? आणि आधी कोणते पार्ट बदलून घेऊ?