मदत हवी आहे : कंपनीत संचालक दोनच, मला राजीनामा द्यायचाय

नमस्कार मंडळी. रावेरला केळी वेफर्सची आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. संचालक दोनच, मी आणि माझा मावसभाऊ. वर्षभर दादा हिशोब दाखवत नाही, म्हणून स्पीड पोस्टाने राजीनामा पाठवला. पोचपावतीवर वहिनीची सही आहे, ती जपून ठेवलीय. कंपनी कायद्याच्या कलम १६८ प्रमाणे कंपनीने ३० दिवसांत डीआयआर-१२ (संचालक बदलल्याचं कंपनी निबंधकाला कळवायचा फॉर्म) भरायला हवा होता, भरलाच नाही. मी स्वतः डीआयआर-११ (राजीनामा दिल्याचं संचालकाने निबंधकाला कळवायचा फॉर्म) भरू शकतो, पण खाजगी कंपनीला किमान २ संचालक लागतात ना! अशा वेळी कुणी बाहेर पडलंय का? बँकेच्या कर्जाला माझी वैयक्तिक हमीही आहे, ती राजीनाम्याने सुटत नाही. जळगाव-भुसावळकडचे भरवशाचे कंपनी सेक्रेटरी सुचवा. कोर्टकचेरी नकोय, आई आणि मावशी रोज बोलतात.