मदत हवी आहे: चकवा 'लागतो' का?
मंडळी, एक शब्द अडलाय. आजी सांगायची, रात्री शेतावरून येताना आजोबांना चकवा लागला. फिरून फिरून त्याच आंब्याखाली! शेवटी तिथेच बसून विड्या ओढल्या. तांबडं फुटल्यावर घर सापडलं.

'चकवा देणे' म्हणजे हुलकावणी, कबड्डीतही देतात. पण चकवा 'लागतो' कसा? नजर लागते, त्या चालीवर? की मुळात ते भुताचंच नाव? सूर्य-चंद्र दिसेनासे झाले की माणूस नकळत गोल चालतो, हे २००९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलंय. असो, मला शब्दच हवाय.

कोकण-विदर्भात याला आणखी काय म्हणतात? आणि भरदिवसा पुण्याच्या पेठेत गल्ली चुकली, तर 'चकवा लागला' चालेल?