मदत हवी आहे: घरी निऑनची ट्यूब करायला व्हॅक्यूम किती लागतो?

मंडळी, रत्नागिरीहून विचारतोय. काचनळी, दोन टोकांना इलेक्ट्रोड, एवढाच बेत. एसीवाले वापरतात तसला टू-स्टेज पंप मित्राकडे आहे, तो 50 मायक्रॉनपर्यंत (म्हणजे 0.05 टॉर, टॉर हे दाबाचं माप) खेचतो, आणि साधी हवा 1 टॉरच्या आसपास गुलाबी-जांभळी मस्त पेटते म्हणजे नुसत्या ग्लोला एवढं पुरतंच. पण मला निऑनचा नारिंगीच पाहिजे! आता 50 मायक्रॉन हवा आत राहिली आणि वर 5 टॉर निऑन भरला तर सरळ 1 टक्का भेसळ झाली ना, नायट्रोजनने रंग मरणारच. त्यात आमच्याकडची दमट हवा, काचेला चिकटलेली वाफ सुटता सुटत नाही नि पंपाचं तेलपण पाणी पितं, गॅस बॅलास्ट (वाफ बाहेर जावी म्हणून पंपात थोडी हवा सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा ठेवून बराच वेळ चालवायला लागतं.

तर नळी पंपावर असतानाच 300 डिग्रीला भाजून वर गेटर (उरलीसुरली हवा शोषून घेणारा धातू) लावला तर डिफ्युजन पंपाशिवाय (याहून बराच खोल व्हॅक्यूम देणारा पंप) भागेल का? की दोन-तीनदा निऑन भरून परत खेचायचा? महाग पडेल राव. हाय व्होल्टेजचं सांगू नका, दादा वायरमन आहे, तो बघतोय. निऑन साइनवाले बॉम्बार्डरने नळी तापवून साफ करतात, तसा कुणी जुना कारागीर कोल्हापूर-मुंबईकडे माहीत असेल तर कळवा.