‘अपोस्टिल म्हणजे ५० रुपयांचं काम’ म्हणणाऱ्यांना उत्तर

गोंदियाकर
काल ठाणेकर_७२ यांनी इथे लिहिलं की अपोस्टिलची (आपले कागद परदेशात खरे मानावेत म्हणून परराष्ट्र मंत्रालय लावतं ते स्टिकर) सरकारी फी कागदामागे फक्त ५० रुपये आहे, त्यासाठी एजंटला हजारो रुपये देणारे लोक आळशी आहेत आणि अशा लोकांमुळेच दलालांची पोटं भरतात. वाचून डोकं इतकं तापलं की रात्री लिहिलेलं सगळं खोडून टाकलं. आता सकाळी लिहितोय, लांबलं तर लांबू दे.

५० रुपये खरे आहेत भाऊ, पण ते शेवटच्या पायरीचे. त्याआधी विद्यापीठाची पडताळणी, मग राज्याच्या शिक्षण खात्याचा शिक्का, जन्माचा नाहीतर लग्नाचा दाखला असेल तर गृह खात्याचा, आणि मग परराष्ट्र मंत्रालय. तिथेही ‘स्वतः करा’ असं काही नसतं, जुलै २०१२ पासून मंत्रालय लोकांकडून थेट कागद घेत नाही, त्यांनी नेमलेल्या एजन्सीच्या काउंटरवरच द्यावे लागतात.

माझ्या बहिणीचं नर्सिंग झालंय, २०२३ मध्ये तिला सौदीची ऑफर आली. विदर्भ एक्स्प्रेस आमच्याच गावातून सुटते, दुपारी बसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी सीएसएमटी. पहिल्या खेपेला शिक्षण खात्याच्या खिडकीवर सांगितलं की विद्यापीठाचं पत्र बंद लिफाफ्यातच पाहिजे, तुम्ही फोडलंय. फोडलं होतं मीच, आत काय आहे ते बघायला नको का माणसाने? परत गोंदिया, परत अर्ज, परत पत्र. दुसऱ्या खेपेला डिग्रीच नाकारली, कारण ती लॅमिनेट केलेली. बाबांनी डिग्री हातात आली त्याच दिवशी चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे नेऊन जाड प्लास्टिक मारून आणलं होतं, पोरीची डिग्री खराब होऊ नये म्हणून. त्यावर शिक्का बसत नाही. कुणीतरी म्हणालं हेअर ड्रायरने गरम करून हळूहळू सोलवा. सोलवलं तर कुलगुरूंच्या सहीची शाई प्लास्टिकला चिकटून वर आली. बाबा बाजूलाच बसून होते, एक शब्द बोलले नाहीत. मग डुप्लिकेट डिग्री, अडीच महिने. त्यानंतर मी कागद एजंटच्या हातात दिले, साडेनऊ हजार मोजले. दोन खेपांचं भाडं, राहणं आणि बुडालेली मजुरी धरली तर तेवढेच आधीच गेले होते. याला आळस म्हणतात का?

ठाणेकर_७२
लॅमिनेशनचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण मी काल जे लिहिलं ते मागे घेणार नाही. माझ्या मुलाचे तीन कागद मी स्वतः केले, चार दिवस रजा टाकली, एकाही माणसाला चहा पाजला नाही. आणि मला एक सांगा, सौदी अरेबिया ७ डिसेंबर २०२२ पासून अपोस्टिल करारात (एकमेकांचं अपोस्टिल मानणाऱ्या देशांचा करार) आलाय, त्यानंतर एम्बसीचा शिक्का लागतच नाही. तुमचं काम २०२३ चं. तुमच्या एजंटने साडेनऊ हजार कशाकशाचे घेतले ते पावतीवर बघा जरा.

गोंदियाकर
बघितली पावती. ‘एम्बसी चार्जेस ३,२००’ असं लिहिलंय आणि डिग्रीच्या मागे एम्बसीचा शिक्का कुठेच नाही, फक्त अपोस्टिलचं स्टिकर आहे. ठीक आहे, हे तुमचं बरोबर निघालं. पण हा नियम बदलला हे गोंदियाच्या माणसाला कोण सांगून राहिलं? तुम्हाला माहीत होतं म्हणून तुमचं फावलं.

कोल्हापूर_ते_दुबई
एजंटची बाजू घेणाऱ्यांनी दिल्लीच्या शिक्क्याबद्दल पण बोला. माझ्या रूममेटची डिग्री महाराष्ट्रातली, एजंटने ‘पंधरा दिवसांत देतो’ म्हणून ती दिल्लीत एसडीएमकडून, म्हणजे तिथल्या उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडून, अटेस्ट करून आणली. वर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्काही बसला, सगळं ओके. यूएई त्या करारात नाही त्यामुळे आम्हाला अपोस्टिल उपयोगाचं नाही, एम्बसीचा आणि मग इथे आल्यावर पुन्हा इथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का. तेही झालं. शेवटी कंपनी म्हणाली, ज्या राज्याची डिग्री त्याच राज्याच्या शिक्षण खात्याचा शिक्का दाखवा. झालं, पहिल्यापासून सुरू, आणि त्या तीन महिन्यांत जागा गेली. एजंट फोन उचलेना. दिल्लीचा शिक्का काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी नाही, हे पैसे घेण्याआधी सांगायला त्याचं काय जात होतं?

स्टुटगार्टची_वहिनी
आणि जर्मनीला येणाऱ्यांनी जन्माच्या, लग्नाच्या दाखल्याचं अपोस्टिल करत बसू नका! भारत २००५ पासून या करारात आहे, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला आक्षेप घेतलाय, त्यामुळे आपलं अपोस्टिल इथे चालत नाही. दाखले त्यांच्या वकिलातीमार्फत तपासायला द्यावे लागतात, ते माणूस नेमून गावात चौकशी करवतात. आमच्या गावी नगरपालिकेत एक गृहस्थ येऊन रजिस्टर बघून गेले, शेजारच्या काकूंनाही विचारलं की ही मुलगी इथलीच का. त्यात कित्येक महिने गेले, नवरा इथे आणि मी सातारला. त्याआधी एका एजंटने अपोस्टिलचे पैसे घेतलेच होते.

मस्कतवाली
तुम्ही शिक्क्यांवर भांडताय, पण आमच्यासारख्यांचं काम शिक्क्यापर्यंत पोचतच नाही हो. आधी नावावर अडतं. माझी डिग्री १९९६ ची, माहेरच्या नावाची. १९९८ ला लग्न झालं, ताटातल्या तांदळात यांनी अंगठीने माझं नवं नाव लिहिलं आणि त्या दिवसापासून माझं पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्ही बदललं. पासपोर्ट नव्या नावाचा. २०१४ मध्ये मस्कतला शाळेत नोकरी मिळत होती, तर डिग्रीवरची बाई आणि पासपोर्टवरची बाई एकच आहे हे मी सिद्ध करायचं! लग्न देवळातलं, नोंदच नव्हती. फॉर्मवर भटजींची सही लागते, भटजी तोवर वारलेले. पत्रिका, फोटो, प्रतिज्ञापत्र जोडून नोंद केली, मग राजपत्रात नाव, आणि हे सगळं झाल्यावर अपोस्टिल. तोवर शाळेचं वर्ष सुरू झालं होतं.

पुणे३०
मग नाव बदललं कशाला? कायद्यात कुठेही सक्ती नाही. डिसेंबर २०१६ पासून तर पासपोर्टला लग्नाचा दाखलाही मागत नाहीत, माहेरचं नाव ठेवता येतं. आपणच प्रथा पाळायच्या आणि मग व्यवस्थेच्या नावाने ओरडायचं.

मस्कतवाली
१९९८ साली बावीस वर्षांच्या मुलीला मांडवात कुणी विचारत होतं का, की तुला हे नाव आवडलं का? माझ्या आईने ठेवलेलं नाव सोळा वर्षं मला कुणी हाक मारून म्हटलं नाही. मस्कतच्या कामासाठी डिग्री बाहेर काढली तेव्हा ते वाचून मी रडलेय. कायदा सांगू नका मला.

नोंदणी_खिडकी
मी नगरपालिकेत जन्म-मृत्यू विभागात बसतो, आमची पण बाजू ऐका. नोंद करताना फॉर्म घरचेच भरतात, आजोबा एक स्पेलिंग देतात, काका दुसरं. कित्येक जुन्या दाखल्यांवर बाळाचं नावच नाही, नंतर येऊन घालतो म्हणाले ते पंचवीस वर्षांनी आले. आणि येतात तेव्हा व्हिसाची तारीख चार दिवसांवर असते, मग आम्ही खलनायक. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आधारवर वडिलांचं नाव एकाच अक्षरात. हे दाखला घेतानाच नीट बघा एवढीच विनंती.

ठाणेकर_७२
धागा अपोस्टिलचा होता, लग्नाचा नाही.

स्टुटगार्टची_वहिनी
काका, तोच विषय आहे. आता महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांचं सरकारी कागदावर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं ठरलंय. मला मनापासून आनंद झाला. पण बायकांचं मात्र अजून नावापुढे नवऱ्याचंच नाव. म्हणजे आईने दोन नावं वापरली असतील तर तो घोळ उद्या लेकराच्या दाखल्यावरही उतरणार.

पुणे३०
मस्कतवाली ताई, माझं लिहिणं तुम्हाला लागलं असेल तर सॉरी. माझ्या आईचंही नाव बदललंय, मी तिला कधी जुनं नाव विचारून बघितलं नाही. पण मुलींनी आता तरी बदलू नये, या मतावर मी ठाम आहे.

गोंदियाकर
ठाणेकर साहेब, पैसे घेताना एजंटने प्रत्येक शिक्क्याचा हिशोब वेगळा लिहून दिला पाहिजे, हे तुमचं मान्य. आळशी हा शब्द मात्र मागे घ्याच. आणि एक सांगायचं राहिलं. बहीण डिसेंबरात सुट्टीवर येतेय, तिचं लग्न ठरून राहिलं आहे. काल रात्री तिला हा धागा पाठवला. तिचा सकाळी मेसेज आला, ‘डिग्रीवर जे नाव आहे तेच राहील, पलीकडे सांगून टाक.’ बाबा हो म्हणाले. आईला अजून पटलेलं नाही.